नाक नसलेली राणी: मुंबईच्या हलवलेल्या पुतळ्यांचे प्रकरण

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, व्हिक्टोरिया राणीचा बैठा संगमरवरी पुतळा आहे. राणीच्या वस्त्राच्या चुण्या कारागिराने इतक्या निगुतीने कोरल्या आहेत की पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. पण नजर चेहऱ्यापर्यंत गेली की थबकते, कारण राणीचे नाक तुटलेले आहे. काही वर्षांपूर्वी मी तिथे उभी असताना एका लहान मुलीने आपल्या आजीला विचारले, "आजी, हिचं नाक कुणी तोडलं?" आजी म्हणाली, "असेल कुणीतरी. चल, पेंग्विन बघायचेत ना?" आणि दोघी निघून गेल्या. आजीचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. तिला ते कुणी सांगितलेच नव्हते. मला स्वतःलाही ते शाळेत कुणी सांगितले नाही; पुढे वाचनातून तुकड्यातुकड्याने कळत गेले.

ज्या वस्तू एके काळी आपल्यावरच्या सत्तेची द्वाही फिरवण्यासाठी उभ्या केल्या गेल्या आणि आज ज्यांच्याकडे पाहून अपमान वाटतो, त्या ठेवाव्यात की टाकून द्याव्यात, हा प्रश्न जगभर विचारला जातो. मुंबईने त्याचे एक उत्तर १९६५ मध्ये देऊन टाकले. ते उत्तर काय होते, ते कुठे बरोबर ठरले आणि कुठे अपुरे राहिले, हे एकाच पुतळ्याच्या आधाराने पाहण्याचा हा प्रयत्न आहे. इतर पुतळे ओघाने येतील, कारण त्यांच्याशी पडताळून पाहिल्याशिवाय राणीचे प्रकरण पुरते उलगडत नाही.

मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला हा पुतळा १८७२ मध्ये मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या फोर्ट परिसरात, समारंभपूर्वक उघडा करण्यात आला. तेव्हा राणीच्या डोक्यावर नक्षीदार संगमरवरी मेघडंबरी होती. आज ती तिच्यावर नाही. या सगळ्याचा खर्च पावणेदोन लाख रुपयांहून अधिक होता आणि तो इंग्रज सरकारच्या तिजोरीतून झालेला नव्हता. तो बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी केला होता. पिलाजीराव आणि दमाजीराव यांच्या घराण्यातला, मराठेशाहीच्या एका मोठ्या सरदार घराण्याचा हा वारस. मराठ्यांचे राज्य बुडाल्यावर सुमारे अर्धशतकाने त्याने इंग्लंडच्या राणीची मूर्ती मुंबईला भेट दिली, आणि ती उघडी होण्याआधीच, १८७० मध्ये, तो मरण पावला. १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने राहिलेल्या संस्थानिकांना आपली निष्ठा पुनःपुन्हा आणि दिसेल अशी सिद्ध करावी लागत होती, हे लक्षात घेतले की या देणगीचा अर्थ लागतो. 'इंग्रजांनी आपल्या छाताडावर बसवलेली मूर्ती' हे वर्णन ऐकायला जोरकस असले, तरी या मूर्तीला लागू पडत नाही. तिचे पैसे एका मराठी संस्थानाच्या खजिन्यातून, म्हणजे अखेर तिथल्या रयतेच्या घामातून आले होते. पुतळा फोडून समुद्रात टाकला असता तर राणीचे काही बिघडले नसते. आपल्यातल्या सत्ताधाऱ्यांनी परकी सत्ता कशी स्वीकारली आणि मिरवली, याचा पुरावा मात्र नाहीसा झाला असता.

पुतळ्याला पहिली जखम झाली ती १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात. त्याच्या काहीच आठवडे आधी, सप्टेंबरमध्ये, मांडवी भागात प्लेगचे निदान झाले होते आणि शहर रिकामे होऊ लागले होते; त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेल्यामुळे दख्खनवर दुष्काळाचे सावट होते. अशा दिवसांत एका सकाळी लोकांना दिसले की राणीच्या शुभ्र चेहऱ्यावर डांबर फासलेले आहे आणि गळ्यात जोड्यांची माळ आहे. हे कोणी केले याचा पोलिसांना पत्ता लागला नाही. पुढच्या वर्षी, २२ जून १८९७ रोजी, याच राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळी झाडली गेली, दामोदर हरी चापेकर पकडले गेले, आणि तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनी मुंबईच्या पुतळ्याचे कृत्य आपले आणि आपल्या भावाचे असल्याचे नमूद केले. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला त्यांना फाशी झाली.

चापेकरांचे घराणे हरदासांचे. देवाची मूर्ती म्हणजे काय, तिला हार घालणे म्हणजे काय आणि तिची विटंबना म्हणजे काय, हे कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. मूर्तीला हार घालायचा तोच हात जोड्यांची माळ घालतो, तेव्हा तो रागाच्या भरात दगड फेकणाऱ्या माणसाचा हात नसतो. पूजेचा विधी मुद्दाम उलटा करून केलेले ते विधान असते. या कृत्याकडे केवळ विध्वंस म्हणून पाहता येत नाही ते म्हणूनच. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे, की दामोदरपंतांचा राग इंग्रजांपुरता नव्हता. समाजसुधारकांविषयी त्यांना तितकाच त्वेष होता आणि आपल्या आत्मवृत्तात त्यांनी तो लपवलेला नाही. ज्याला आपण हुतात्मा म्हणतो त्याचे सगळेच विचार आज आपल्याला पटतील असे नसते.

डांबर काढण्याचे काम सोपे नव्हते. संगमरवर हा सच्छिद्र दगड असल्यामुळे डांबर आत मुरते आणि खरवडायला गेले तर दगडच जातो. बरेच प्रयत्न फसल्यावर विल्सन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी रासायनिक प्रक्रियेने तो डाग घालवला. या कामाने त्यांचे नाव सर्वत्र झाले. राणीचा चेहरा पुन्हा उजळला आणि सरकारची अब्रू राखली गेली. गज्जरांनी जे केले ते त्यांच्या विद्येला धरून होते आणि एका हिंदी शास्त्रज्ञाने गोऱ्यांना न जमलेले काम करून दाखवले याचा त्या काळच्या वाचकांना अभिमान वाटला असेल तर तोही समजण्यासारखा आहे. तरीही आज मागे वळून पाहताना मला वाटते, की त्या पुतळ्यावरचा सर्वांत मोलाचा भाग त्या दिवशी पुसला गेला. नोबलने कोरलेल्या राण्या इतरत्रही आहेत. डांबर फासलेली राणी एकच होती.

मुंबईतल्या पुतळ्यांच्या या प्रजेत राणी एकटी नव्हती. तिचा मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, १८७५ मध्ये मुंबईला येऊन गेला. त्याची आठवण म्हणून बगदादमध्ये जन्मलेले आणि मुंबईत गडगंज झालेले सर अल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला कांस्य पुतळा शहराला दिला. जोसेफ एडगर बोहम या शिल्पकाराचा हा सुमारे १३ फूट उंचीचा पुतळा १८७९ मध्ये रॅम्पार्ट रोच्या तोंडाशी उभा राहिला. मुंबईकरांनी घोड्यावर कोण बसले आहे याच्याशी फारसे कर्तव्य ठेवले नाही. त्यांनी त्या जागेला नाव दिले ते घोड्याचे, काळा घोडा. त्याहून जुना होता गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसचा पुतळा, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या मोकळ्या मैदानातला. कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याला लोक फुले वाहत, नमस्कार करीत, असे जुन्या नोंदी सांगतात, आणि ही पूजा बंद करण्याच्या खटपटीत खुद्द राज्यकर्ते पडले होते. ज्या वस्तूने दरारा बसवायचा तिला नवस बोलला जातो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. पुतळा उभारणाऱ्याने त्याला दिलेला अर्थ आणि पाहणाऱ्याने त्यातून घेतलेला अर्थ यांत पहिल्या दिवसापासून अंतर असू शकते, आणि हा मुद्दा मला पुढे पुन्हा लागणार आहे.

१९४७ नंतर पुतळे लगेच हलले नाहीत. मुंबईत त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर. फ्लोरा फाउंटनच्या परिसरात माणसे गोळ्यांना बळी पडली, तो चौक हुतात्मा चौक झाला, १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, आणि २६ जानेवारी १९६१ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. गेटवेवर त्याआधी पंचम जॉर्ज उभा होता, आणि तो घडवला होता गणपतराव म्हात्रे या मराठी शिल्पकाराने. 'मंदिरपथगामिनी' ज्यांनी केली तेच हे म्हात्रे. अशा वातावरणात दक्षिण मुंबईच्या चौकाचौकांत व्हाइसरॉय, गव्हर्नर आणि राजे उभे असणे लोकांना खुपत होते यात आश्चर्य नाही. १९६५ मध्ये पुतळ्यांची तोडफोड झाली, आणि त्याच वर्षी शासनाने काळ्या घोड्यासह अनेक पुतळे रस्त्यांवरून उचलून भायखळ्याच्या बागेत नेऊन ठेवले. कॉर्नवॉलिस आणि त्याच्यासारखाच गव्हर्नर जनरल असलेला वेलस्ली तिथे गेले ते मस्तकाविना.

त्या वेळी शासनापुढे कोणते मार्ग होते याचा विचार केला पाहिजे. पुतळे जागच्या जागी ठेवून पोलिसांचा पहारा बसवता आला असता. पण राज्याच्या स्थापनेसाठी गोळ्या खाल्लेल्या लोकांच्या पोलिसांनी परक्या राजांच्या पुतळ्यांचे रक्षण करावे, हे दृश्य कोणत्याही सरकारला परवडणारे नव्हते, आणि परवडू नयेही. कांस्य वितळवून विकता आले असते, आणि संगमरवराची खडी करणे तर त्याहून सोपे. कोणा श्रीमंताच्या बंगल्याच्या हिरवळीवर शोभेची वस्तू म्हणूनही ते गेले असते. शासनाने यांपैकी काहीही केले नाही आणि मधला मार्ग काढला. चौक मोकळे केले आणि वस्तू राखल्या. या निर्णयाला त्या वेळी कोणी द्रष्टेपणाचे म्हटले नसेल. बहुधा तो घाईचा आणि निभावून नेण्याचा निर्णय असावा. तरी तो योग्य होता असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण जागेशी संबंधित आहे.

चौकातला पुतळा हा सन्मान असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वर करून पाहावे अशा उंचीवर तो असतो, त्याच्या पायाशी सभा भरतात, त्याच्या नावाने पत्ते सांगितले जातात. तो सन्मान काढून घेण्याचा हक्क प्रत्येक पिढीला आहे आणि तसे करताना इतिहासाचा एक कणही नष्ट होत नाही, कारण इतिहास चौथऱ्याच्या उंचीत साठवलेला नसतो. म्हणून 'पुतळा हलवला म्हणजे इतिहास पुसला' हा आक्षेप मला मान्य नाही. इतिहास पुसला जातो तो वस्तू नष्ट केल्याने, आणि त्याहून अधिक, वस्तू राखून तिच्याविषयी गप्प बसल्याने.

जागेचा मुद्दा किती निर्णायक होता हे टाउन हॉलमध्ये गेले की कळते. एशियाटिक सोसायटीच्या त्या इमारतीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, बार्टल फ्रियर हे गव्हर्नर आजही संगमरवरात उभे आहेत. पेशवाई बुडवण्यात ज्याचा हात सर्वांत लांब होता तो एल्फिन्स्टन जागचा हललेला नाही. मराठी माणसाच्या दुःखाचे मोजमाप लावले तर व्हिक्टोरियाआधी त्याला हलवायला हवे होते. तो राहिला, कारण तो छपराखाली आहे, आणि त्याच्या सावलीत बसून वाचन करणाऱ्यांना तो शत्रू म्हणून भेटत नाही. त्याच दालनांत जगन्नाथ शंकरशेट यांचा पुतळाही आहे, आणि तो घडवणारा शिल्पकार पुन्हा तोच, मॅथ्यू नोबल. ज्या हाताने राणी कोरली त्याच हाताने नाना शंकरशेट कोरले. हातांवरून वस्तूंची जात ठरवू गेले तर आपण लवकरच अडचणीत येतो.

या प्रकरणात सर्वांत अवघड प्रश्न 'अपमानकारक कोणाला?' हा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. चापेकरांना राणी म्हणजे धर्म बुडवणारी परकी सत्ता वाटली. चापेकरांच्याच पुण्यात, डांबराच्या प्रकाराच्या आठ वर्षे आधी, २ मार्च १८८८ रोजी, राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले होते. दागदागिन्यांनी मढलेल्या त्या पंगतीत त्यांनी ड्यूकला सांगितले, की इथे बसलेल्यांना पाहून हिंदुस्थानची कल्पना करू नका. खरा देश खेड्यांत उघडानागडा आहे, आणि तुमच्या मातोश्रींना हे कळवा. जोतीराव राणीचे भाट नव्हते, तिच्या नोकरशाहीवर त्यांनी कोरडे ओढले आहेत. पण पेशवाईतली अस्पृश्याची अवस्था ठाऊक असल्यामुळे इंग्रजी राज्याने उघडलेल्या शाळेच्या दाराची किंमतही ते जाणून होते. राणीच्या एकाच नावाशी मराठी समाजातल्या दोन माणसांचे असे दोन वेगळे व्यवहार आहेत. दोन्ही आपलेच आहेत आणि त्यांतला एक वजा करून उरलेल्याला मराठी इतिहास म्हणता येणार नाही.

भीमा कोरेगावचा स्तंभ या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर तो कंपनी सरकारने उभारला, स्वतःच्या पराक्रमाची खूण म्हणून. त्याच्यावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि इंग्रजांचा विजयस्तंभ वेगळ्याच लोकांच्या स्वाभिमानाची खूण झाला. आज लाखो लोक तिथे जातात. वसाहतवाद्यांनी उभारलेली वस्तू म्हणून तो स्तंभ कोणी मधल्या काळात पाडून टाकला असता, तर ज्यांच्या नावाला दुसऱ्या कोणत्याही दगडावर जागा मिळाली नव्हती त्यांची नावे गेली असती. उभारणाऱ्याच्या हेतूवरून वस्तूचा निकाल लावू नये, असे मी म्हणते ते एवढ्यासाठी. काही वस्तूंचा अर्थ त्यांच्या वाट्याला शंभर वर्षांनी येतो.

याचा अर्थ राणीला पुन्हा फोर्टमध्ये नेऊन बसवावे असा मात्र नाही. कोरेगावचा स्तंभ लोकांनी आपला केला. व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला तसे कोणी आपले म्हटले नाही. लोकांनी आपले म्हटले ते फक्त काळ्या घोड्याला. पुतळा गेल्यावर बावन्न वर्षांनी, २०१७ मध्ये, काळा घोडा परिसरात एक नवा घोडा उभा राहिला, त्याच्या पाठीवर कोणीही नाही. कोणाही राजाचे नाव न घेता जागेचे नाव परत जागेवर आले. भायखळ्याच्या बागेत स्वारासह घोडा आहे आणि काळ्या घोड्याला नुसता घोडा आहे. दोन्ही पाहिल्यावर मला वाटते, की या एका पुतळ्याच्या बाबतीत मुंबईने नकळत फार नेमके काम केले.

राणीच्या बाबतीत जे राहून गेले ते इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉल शहराच्या उदाहरणाने स्पष्ट होते. गुलामांच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा त्या शहरात १८९५ पासून उभा होता. ७ जून २०२० रोजी आंदोलकांनी तो दोरांनी ओढून पाडला, रंग फासला, रस्त्याने गडगडत नेला आणि बंदरात ढकलला. महापालिकेने तो पाण्यातून काढला, आणि त्यानंतर जे केले ते शिकण्यासारखे आहे. चिखल धुतला, पण फवारलेला रंग जसाच्या तसा राहावा म्हणून जतनतज्ज्ञांनी मेहनत घेतली. २०२१ मध्ये पुतळा शहराच्या संग्रहालयात ठेवला गेला तो चौथऱ्यावर उभा करून नव्हे, तर आडवा, अंगावरच्या लाल-निळ्या रंगासकट. पाहणाऱ्याला एकाच वस्तूत तीन काळ दिसतात: ज्याने लूट केली तो माणूस, ज्यांनी दोनशे वर्षांनी त्याचा गौरव केला ते नागरिक, आणि ज्यांना तो गौरव सहन झाला नाही ते आजचे लोक. गज्जरांचे रसायन आणि ब्रिस्टॉलच्या जतनतज्ज्ञांचे रसायन शेजारी ठेवून पाहिले, की सव्वाशे वर्षांत जतन या शब्दाचा अर्थ किती पालटला हे ध्यानात येते.

माझ्याच घरातली एक गोष्ट इथे सांगते, कारण हा प्रश्न चौकांपुरता नाही. माझ्या पणजोबांना १९११ च्या दिल्ली दरबाराचे रौप्यपदक मिळाले होते. एका बाजूला पंचम जॉर्ज आणि मेरी राणी यांचे मुखवटे, दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरे, आणि गडद निळ्या फितीवर मधोमध दोन बारीक तांबड्या रेघा. आजोबांनी स्वातंत्र्यानंतर ते पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी टाकले. घराची वाटणी झाली तेव्हा काकांचे म्हणणे होते की सोनाराकडे नेऊन मोड करून टाकावी, चांदी ती चांदी. आत्याचे म्हणणे होते की फ्रेम करून दिवाणखान्यात लावावे, घराण्याचा मान आहे तो. दोघांचेही मला पटले नाही. मोड केली असती तर आमच्या घरातल्या एका माणसाने परक्या राजाच्या नोकरीत इमानाने आयुष्य घालवले ही गोष्ट वितळून गेली असती, आणि फ्रेम केली असती तर ती गोष्ट खोटी झाली असती. पदक आता माझ्याकडे आहे, आजोबांच्या हस्ताक्षरातल्या एका कागदासह. त्या कागदावर आजोबांनी लिहिले आहे, की वडील हे पदक सणासुदीला लावीत आणि मला त्याची लाज वाटे. कागद नसता तर पदक ठेवण्यात मला विशेष अर्थ दिसला नसता. कागदामुळे दोन पिढ्यांचे भांडण त्या डबीत जिवंत आहे.

भायखळ्याच्या आवारात हव्या आहेत त्या अशाच कागदाच्या जागी येणाऱ्या पाट्या. संग्रहालयांत एरवी असते तशी, व्यक्तीचे नाव, शिल्पकार आणि साल सांगून थांबणारी पाटी इथे अपुरी आहे. किंबहुना ती दिशाभूल करते, कारण तिच्यामुळे पुतळा पुन्हा केवळ कलाकृती होतो आणि त्याच्या अंगावरच्या जखमा अपघात ठरतात. मस्तक नसलेल्या वेलस्लीसमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला हे कळले पाहिजे, की याच्या कारकिर्दीत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज-मराठ्यांचे दुसरे युद्ध पेटले. मुंबईत त्याचा पुतळा उभा राहिला तो त्या काळातल्या विजयांच्या बळावर. आणि १९६५ च्या मुंबईला तो नकोसा झाला. एवढे कळले की मस्तकाची उणीव ही त्या पुतळ्याच्या चरित्रातले शेवटचे वाक्य म्हणून वाचता येते.

माझी सूचना अगदी साधी आहे. राणीचे नाक बसवू नये. संगमरवराच्या नव्या तुकड्याने, संगणकाच्या मदतीने, मूळ चेहऱ्याबरहुकूम ते बसवणे आज तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही आणि कधीतरी कोणीतरी उत्साहाने तसा प्रस्ताव आणेल, तो फेटाळावा. दगड पाऊसपाण्याने झिजू नये, शेवाळ धरू नये, एवढी निगा राखावी आणि तिथे थांबावे. पुतळ्यावर मेघडंबरी पुन्हा उभारू नये, चौथरा उंच करू नये. राणी पाहणाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर असावी. आणि तिच्या शेजारी, मराठीत आधी आणि मग इतर भाषांत, साधारण असा मजकूर असावा:

'व्हिक्टोरिया, इंग्लंडची राणी. हा पुतळा मॅथ्यू नोबल यांनी घडवला. त्याचा खर्च बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी केला. १८७२ पासून तो फोर्ट भागात होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली; प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी डांबर काढले. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर शहरातले असे पुतळे लोकांच्या रोषामुळे या बागेत आणण्यात आले. नाक तुटलेले आहे. ते मुद्दाम तसेच ठेवले आहे.'

साठ-पासष्ट शब्दांचा हा मजकूर आहे, आणि नातीचा हात धरून आलेल्या आजीला तो उभ्या उभ्या वाचून दाखवता येईल.